मशीन वाजलं

घुर्र... घुर्र... मग थोडं थांबून, टक.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा बारा वर्षांचा होतो. वडिलांनी होडी थांबवली, वल्हं पाण्यात सरळ उभं धरलं आणि माझी मानगूट पकडून माझा कान वल्ह्याच्या मुठीला चिकटवला. मला वाटलं, काहीतरी चुकलं, आता मार बसणार. पण मार बसला नाही. लाकडातून तो आवाज वर आला. समुद्राच्या तळाशी कुणीतरी पाळणा टांगलाय आणि त्याची कडी कुरकुरतेय, असा.

"आईकलास?" वडिलांनी विचारलं.

"खाली पाळना हाय."

"पाळना नाय, घोळी हाइत त्या! टाका रे जाळं!"

घोळ हा मासा पाण्याखाली ओरडतो. शिकलेल्या माणसांना हे सांगितलं की ती आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. पण वल्हं पाण्यात धरून कान लावला की ऐकू येतं. कान मात्र तसा पाहिजे. माझा होता.

त्या दिवसापासून मी आमच्या होडीचा कान झालो. पुढे शीड गेलं, इंजिन आलं, वडील गेले, बोट माझ्याकडून माझ्या मुलाकडे, परेशकडे, गेली. तरी रीत तीच राहिली. उरणजवळच्या करंजाच्या धक्क्यावरून बोट सुटायची, ठरलेल्या पाण्यात पोचली की इंजिन बंद व्हायचं, सगळे खलाशी गप्प बसायचे आणि मी वल्ह्याला कान लावायचो. (घरात माझ्यासाठी कुणी कधी गप्प बसल्याचं मला आठवत नाही.)

कान देणाऱ्याचा एकच मान असतो. पहिल्या घोळीचं डोकं त्याच्या घरी जातं. घोळीच्या डोक्यात दोन पांढरे, गुळगुळीत खडे असतात, चिंचोक्याएवढे. आमची जुनी माणसं म्हणायची, ते माशाचे कान. ज्याने ऐकलं त्याला ते द्यायचे. माझी बायको गोदू डोक्याचं कालवण करायची आणि खडे धुऊन पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायची. पनवेलच्या कोळीवाड्यातल्या आमच्या घरात फळीवर असे तीन डबे आहेत. दुसऱ्यांच्या घरी फळीवर फोटो असतात.

आता माझी चोरी सांगतो. ज्या त्र्याण्णव सालची ही गोष्ट आहे, त्याच्या आधी दोन वर्षांपासून मला तो आवाज ऐकू येत नव्हता.

आधी वाटलं, घोळीच कमी ओरडतात. मग वाटलं, वल्हं खराब झालं. मी नवीन वल्हं करून घेतलं. शेवटी गोदूला "चपला आणायला जातो" असं सांगून बाजारातल्या कानाच्या डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आलो. डॉक्टरांनी कानात बत्ती मारली, बराच वेळ काहीबाही बोलले आणि शेवटी दमून एका कागदावर लिहून दाखवलं, 'इंजिनाशेजारी बसू नका.' मी तीस वर्षं बसलो होतो. घोळीपर्यंत लवकर पोचावं म्हणून आम्ही इंजिन आणलं आणि घोळ ऐकणारा कान त्यानेच खाल्ला.

घरी आलो तर गोदू दारातच. "चपला?"

"पायात बसल्या नाय."

तिने माझ्या जुन्या चपलांकडे बघितलं, मग माझ्या वरच्या खिशाकडे. खिशातून औषधाच्या बाटलीचं बूच डोकावत होतं. ती चुलीकडे वळली. मला वाटलं, सुटलो.

त्यानंतर मी दोन नियम केले. बोटीवर वल्ह्याला कान लावायचा, डोळे मिटायचे, मनात वीस आकडे मोजायचे, मग हळूच डोळा उघडून समुद्रपक्षी कुठे उतरलेत आणि पाण्याचा रंग कसा आहे ते बघायचं आणि हात करायचा, "तिकडं!" चाळीस वर्षं समुद्रावर काढली की एवढ्यावरही कधी कधी मासा लागतो. घोळीचं डोकं घरी येत राहिलं. मी ते खात राहिलो, पण बोलावणं नसलेल्या लग्नात जेवावं तसं, खाली मान घालून.

दुसरा नियम जमिनीवरचा. समोरच्याचे ओठ दिसत असतील तर वाचायचे. दिसत नसतील तर "हो" म्हणायचं. 'नाही' म्हटलं की लोक कारण विचारतात. 'हो' म्हटलं की खूश होऊन निघून जातात. या 'हो'पायी आमच्या घराला पोपटी रंग लागला, आमची सागवानी खाट मेहुणीच्या घरी गेली, आणि गणपतीत मंडळाच्या भजनाला मी पेटी वाजवणार असं फळ्यावर लिहून आलं. (मला पेटी येत नाही. मंडळाला ते पहिल्याच अभंगात कळलं.)

असाच एकदा परेश जेवताना ताटात मान घालून काहीतरी बराच वेळ बोलला. मी सवयीने "हो" म्हणालो. तो जेवणावरून उठून माझ्या पाया पडला. हात उष्टा होता म्हणून डाव्या हाताने पडला. मी मनात म्हटलं, काहीतरी मोठं असावं.

आठ दिवसांनी ते एका खोक्यातून आलं. मस्कतला बोटीवर कामाला असलेल्या मित्राकडून परेशने मासे शोधायचं मशीन मागवलं होतं. "बाबांना इचारूनच घेतलंय," हे तो शेजाऱ्यांना सांगत होता, ते मी त्याच्या ओठांवर स्पष्ट वाचलं.

मशीन जेवणाच्या डब्याएवढं. पुढे काचेचं तोंड, मागून लांब वायर, वायरच्या टोकाला काळा गोळा. परेशने मला समोर बसवून समजावलं. हा गोळा पाण्यात आवाज सोडतो, आवाज माशाला आपटून परत येतो, मशीन तो ऐकतं आणि काचेवर माशाचं चित्र काढून दाखवतं.

म्हणजे हेही कान देणारंच. मी बसलेलोच होतो, नाहीतर बसलो असतो.

परेशने बोटीची बॅटरी उचलून घरात आणली. पहिली परीक्षा मोरीतल्या पिंपात घ्यायची ठरली.

"आई, झाकन काढ."

"प्यायाचं पानी हाय त्यात!" गोदू पिंपाच्या आडवी उभी राहिली.

"गोळा धुतलाय मी, साबन लावून."

"म्हंजी आता साबनाचं पानी पिऊ?"

शेवटी गोळा पिंपात गेला. मशीन उजळलं. पिंपात सात मासे दिसले. त्यातला एक चांगला मोठा होता. गोदूने पिंपात डोकावलं, ओगराळं घालून ढवळलं आणि परेशला म्हणाली, "एक तरी काढून दे. दुपारचं कालवन करते."

"आई, पिंपात जागा कमी हाय म्हनून त्याला खोटं दिसतं. दर्यात बरोबर दिसल." मग तो माझ्याकडे वळला. "बाबा, हे बटन बघा. सेन्सिटिव्हिटी. मशीनचा कान किती टवकारायचा, त्याचं. एक ते दहा. कमी ठेवला तर मासा खाली असून दिसनार नाय. जास्ती केला तर चिखल, कचरा, बुडबुडं, सगला मासाच दिसल. मधी ठेवायचा, पाचावर. हात नाय लावायचा."

मी मान डोलावली. मला त्या बटणाचा फार हेवा वाटला. देवाने माझ्या कानामागे असं एखादं दिलं असतं तर मी जन्मभर पाचाच्या वर नेलं नसतं.

"आनि मासा आला का वाजतं. ह्ये असं."

त्याने काहीतरी दाबलं. गोदूच्या हातातलं ओगराळं खाली पडलं. खिडकीतला कावळा उडाला. ते बघून मीही दचकलो. जरा उशिरा दचकलो.

गोदू माझ्याकडे बघत राहिली. मग ती परेशला चुलीपाशी घेऊन गेली, माझ्याकडे पाठ करून त्याला काहीतरी म्हणाली. तो परत आला आणि त्याने मशीनचं एक बटण दाबून ठेवलं. मला वाटलं, पिंपाच्या झाकणाचं काहीतरी असेल.

"मशीन तुमीच संबालायचं, बाबा," परेश म्हणाला. "आमचा कान तुमीच."

मुलाने बापाला मान दिला होता. नाही म्हणता येईना. पण माझ्या पोटात गोळा आला. (तोही काळाच असणार.) मशीन वाजलं आणि मला ऐकू आलं नाही, तर सगळ्यांना कळणार. मग माझं बोटीवर काय काम? मग मी धक्क्यावरचा म्हातारा. फाटकी जाळी विणायची, आणि बोट निघाली की ती टिकलीएवढी होईपर्यंत बघत बसायचं. असे दोघे-तिघे करंजाला आहेत. त्यांच्याशी मी नेहमी गोड बोलतो, पण त्यांच्या शेजारी कधी बसत नाही.

मंगळवारी सकाळी निघालो. सुकाणूवर सुदाम तांडेल. हा माझ्या हाताखाली शिकलेला. पुढे परेश, आणि जाळ्यापाशी काळूराम खलाशी, ज्याला गप्प बसवणं हे एरवी माझ्या कान देण्यातलं अर्धं काम असतं. मशीन मध्ये, आणि मशीनसमोर मी, डोळ्यांत तेल घालून.

काच कोरी होती. खाली समुद्राच्या तळाची रेघ सरकत होती. बटण पाचावर. थोड्या वेळाने एक बारीक मासा काचेवर आला.

आता वाजलं असणार, मी मनात म्हटलं. मला काही ऐकू आलं नाही. बाकीच्यांकडे बघितलं. कुणी वळलं नव्हतं. मला वाटलं, मान राखतायत. मी सांगितल्यावर उठणार.

खात्री करावी म्हणून मी आमच्या रेडिओचं करतो तेच केलं. ऐकू येत नसलं की बटण वाढवायचं. सहा केलं. दोन मासे आले, आवाज नाही. सात केलं. पाच मासे, आवाज नाही. आठ, नऊ, दहा. काचेवर मासेच मासे. माशांवर मासे. एक तर बोटीच्या जवळजवळ वर होता. एवढे मासे असल्यावर मशीन बोंबलत असणार, आणि मी दगडासारखा बसलोय! मी ताडकन उठलो.

"वाजलं! मशीन वाजलं!"

सुदामने मान वळवली. "कवा वाजलं, काका?"

"कवा काय? कवापासनं टीं-टीं लावलंय त्यानं! कान फुटलं का तुमचं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. (ती तोंडं बघून मला आत कुठेतरी बरं वाटलं, हे कबूल करतो. दोन वर्षांत पहिल्यांदा बहिरे दुसरे कुणी होते.) काळूरामने कानात करंगळी घालून हलवली.

"मना तं नाय आला आवाज."

"बिडी कमी कर, येईल. टाका जाळं!"

जाळं पडलं. ओढलं. चिखल, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक डाव्या पायाची चप्पल. ती मात्र माझ्या पायात बरोबर बसली असती.

"पुढं चला," मी म्हणालो. "आता तर लई जोरात वाजतंय."

दुसऱ्यांदा पाण्यासारखे लिबलिबीत गोळे आले, हाताला लागले की आग होते ते. काळूराम दोन्ही हात बादलीत बुडवून बसला. तिसऱ्यांदा जाळं कशात तरी अडकलं आणि अर्धं फाटून वर आलं.

परेश उठून मशीनपाशी आला. काचेतला आकडा बघून माझ्यासमोर उकिडवा बसला.

"बाबा, दहावर कुनी नेला?"

"आवाज बारीक येत व्हता. मोठा केला."

"ह्यो आवाजाचा बटन नाय."

"बरं. पन वाजत तर व्हता."

परेशने सुदामकडे बघितलं, सुदामने समुद्राकडे. मग परेश म्हणाला, आणि त्याचे ओठ मला इतके स्पष्ट कधीच दिसले नव्हते, "बाबा, आवाज बंद हाय. घरीच बंद केला मी. आई बोल्ली, त्या आवाजानं तुमचं डोकं दुखतं."

बोटीवर कुणी काही बोललं नाही. (हे मी खात्रीने सांगतो. सगळ्यांची तोंडं मिटलेली होती.)

परेशचा हात मशीनवर गेला. अंगठा हलला. तो माझ्याकडे बघत होता. "आता? आता वाजतंय?"

मी काचेकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मनात म्हटलं, पोरगा परीक्षा घेतोय. एकदा फसलो, आता खरं तेच सांगायचं.

"नाय," मी ठामपणे म्हणालो. "आता कायसुदिक वाजत नाय."

तेवढ्यात माझी नजर काळूरामवर गेली. त्याने ओले हात बादलीतून काढून दोन्ही कानांवर दाबून धरले होते.

चौथीत मी गणितात नापास झालो होतो, पण एकाच विषयात. इथे दोन्हींत झालो, मशीन गप्प असताना वाजलं म्हणालो आणि वाजत असताना गप्प आहे म्हणालो.

परेशने मशीन बंद केलं. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. काळूराम, ज्याने आयुष्यात कुणाची मस्करी सोडली नाही, तो माझ्यासमोर येऊन बसला, तोंड हे एवढं उघडून म्हणाला, "चा... घ्या... काका." मी चहा घेतला. तो गोड होता की नव्हता, आठवत नाही. परतताना मी इंजिनाशेजारीच बसलो. आता तिथून उठून काय उपयोग?

घरी आलो तो थेट फळीपाशी गेलो. गेल्या दोन वर्षांतले खडे माझे नव्हते. ते काढून खाडीत टाकून द्यायचे, एवढंच डोक्यात होतं. तिसरा डबा उघडला. वरच गोदूच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीची एक पुरचुंडी होती. गाठ सोडली. आत खडे. चौदा जोड्या. गेल्या दोन वर्षांत घरी आलेली चौदा डोकी.

मी पुरचुंडी हातात घेऊन उभा. गोदू चुलीपासून उठली, हात पुसत आली आणि माझ्या अगदी समोर उभी राहिली. दोन वर्षं ती अशीच समोर येऊन बोलत होती. मला वाटायचं, म्हातारपणी बायका भांडायला जवळ येतात.

"हे येगलं का ठेवलंस?"

"ते तुमी आईकलेलं नाय," ती म्हणाली. "मी खोटं-खरं मिसलत नाय."

"तुना कवा कलला?"

"चपलांच्या दिवशी."

"मग बोल्ली का नायस?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

"आनि मशीनचा आवाज?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वाजला आनि तुमाला आला नाय, तर चार मानसांत लाज. म्हनून बंद कराया लावला. मना काय म्हाईत, तुमी न वाजनारं पन आईकाल!"

आधी मला हसू आलं. मग तिला आलं. मग ती डोळे पुसत चुलीकडे वळली आणि पाठमोरी काहीतरी म्हणाली. मी "हो" म्हणालो. तिने वळून बघितलं, तशी मी मान खाली घातली. पुरचुंडीची गाठ मारून ती परत डब्यात ठेवली. खाडीत टाकायचा धीर झाला नाही. तिने दोन वर्षं सांभाळलेली वस्तू होती.

चार दिवसांत जाळं दुरुस्त झालं. बोट निघायच्या दिवशी मी अंघोळ केली, टोपी घातली, आणि परेश समोर आल्यावर म्हणालो, "गुडघा धरलाय रे आज."

त्याने माझ्या गुडघ्याकडे बघितलं. दोन्ही चांगले होते. "बरं," तो म्हणाला. पिशवीत मशीन घातलं आणि निघाला. मी दारात बसून राहिलो. बटण पाचावर ठेव, असं सांगायचं होतं. त्यानेच मला शिकवलेलं होतं, म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उरणच्या एसटीने परत आला. मी पायरीवर जाळं विणत होतो. हातातल्या पिशवीतून पाणी गळत होतं. त्याने माझ्यासमोर परात ठेवली, पिशवी उघडली आणि डोकं काढून परातीत ठेवलं. घोळीचं. हे एवढं मोठं डोकं मी दहा वर्षांत बघितलं नव्हतं.

"ह्ये माजं नाय," मी म्हणालो. "मशीननं आईकलं. मान मशीनचा."

परेश उभाच होता. उन्हाने त्याचा चेहरा काळवंडला होता, ओठांवर मीठ सुकलं होतं. मी त्या ओठांकडे बघत राहिलो. ते हलले नाहीत. भिंतीवर कावळा आला तसा तो खाली वाकला, परात माझ्या पायांशी सरकवली, माझ्याच डोक्यावरच्या टोपीने ती झाकली आणि वळून गल्लीतून चालू लागला.

तो काही बोलला नाही. निदान मला तसं वाटतं. पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. मी आपला सवयीने त्याच्या पाठीला "हो" म्हणालो. कशाला म्हणालो, ते कळेलच आठ दिवसांत.